न खेळता जिंकणाऱ्यास अनावृत पत्र

प्रति,
पार्टीगेमिंग, उर्फ बीविन-पार्टी, उर्फ जीव्हीसी, चालू नाव एन्टेन

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, लोक तुम्हाला जुगारी म्हणतात आणि ते आम्हाला ऐकवत नाही. तुमच्यावर हवे ते आरोप करावेत. त्यातले बरेचसे तुम्ही पैसे मोजून मिटवलेही आहेत. पण जुगाराचा आळ? ज्या पोकरने तुम्हाला मोठे केले, त्यात तुम्ही आयुष्यात एक डॉलरसुद्धा लावलेला नाही. टेबल मांडावे, पाहुण्यांना बसवावे, ते एकमेकांना नागवत असताना आपण दाराशी पेटी घेऊन शांतपणे बसावे, हे तुमचे व्रत. अशा निर्व्यसनी माणसाची बदनामी थांबावी म्हणून तुमचे चरित्र चार लोकांसमोर मांडतो आहे. चूकभूल द्यावी घ्यावी. घेण्याच्या बाबतीत तुमची चूक होणार नाही, याची खात्री आहे.

बालपणापासून सुरुवात करू. साल १९९७. रूथ पॅरासोल या कॅलिफोर्नियाच्या वकीलबाईंनी फोनवर मिनिटाच्या दराने चावट गप्पा विकून, आणि पुढे इंटरनेटवरच्या प्रौढांच्या साइट्समधून, बऱ्यापैकी पैसा केला होता. मग त्यांना सभ्य धंद्यात पडावेसे वाटले आणि त्यांनी कॅरिबियनमधून स्टारलक नावाचा ऑनलाइन कॅसिनो काढला. सॉफ्टवेअरसाठी त्यांना दिल्ली आयआयटीचा विशीपंचविशीतला अनुराग दीक्षित सापडला. पाठोपाठ त्याच आयआयटीतला विक्रांत भार्गव मार्केटिंग सांभाळायला आला. भांडवल अमेरिकेचे, डोके दिल्लीचे, आणि कायदा ज्या बेटावर ढिला असेल तिथला.

पण कॅसिनोत एक खोट होती. रुलेटच्या चाकावर किंवा ब्लॅकजॅकच्या टेबलावर मालक स्वतः गिऱ्हाइकाविरुद्ध खेळतो. गणित मालकाच्या बाजूचे असते हे खरे, तरी एखाद्या रात्री एखादा नशीबवान येऊन गल्ला साफ करून जाऊ शकतो. म्हणजे थोडा का होईना, धोका पत्करावा लागतो. तुमच्यासारख्या सोवळ्या घराण्याला हे रुचणे शक्य नव्हते. ऑगस्ट २००१ मध्ये तुम्ही पार्टीपोकर काढलेत आणि तेवढाही डाग धुऊन टाकलात.

पोकरमध्ये खेळाडू खेळाडूंशी खेळतात. अ हरला काय, ब जिंकला काय, मालकाला सोयरसुतक नाही. डावात जमलेल्या पैशांतून मालक आपला हिस्सा काढतो. साहेबाच्या भाषेत तो रेक, आपल्याकडच्या अड्ड्यावर नाल. टक्केवारी दिसायला किरकोळ. पाचेक टक्के, आणि मोठ्या डावातसुद्धा वरची मर्यादा तीन डॉलर. एवढ्यावर कोणाचे घर चालेल, असे वाटावे इतकी गरिबी.

तर हिशेबच करून पाहू. एका टेबलाला दहा जण. प्रत्येकाने शंभर डॉलर घेऊन बसायचे. टेबलावर एकूण एक हजार. डावाला सरासरी एक डॉलर नाल धरू. खऱ्याखुऱ्या कॅसिनोत पत्ते पिसायला, वाटायला, कोणी सिगारेट पेटवायला वेळ जातो. तासाला जेमतेम तीस डाव होतात. संगणक पिसत नाही, खोकत नाही, गप्पा मारत नाही. साठ डाव सहज होतात. तासाला साठ डॉलर पेटीत. नवीन पैसे कोणी आणले नाहीत, तर सतरावा तास पुरा व्हायच्या आत टेबलावर दमडी उरत नाही. हजारच्या हजार दाराशी बसलेल्या निर्व्यसनी माणसाकडे. त्या दहांतले दोघेतिघे मात्र मधल्या काळात आपण जिंकतोय असे समजून बायकोला फोन करून आलेले असतात. बरे, एक टेबल पुरत नाही म्हणून एकाच माणसाला एका वेळी चार टेबलांवर बसायची सोय तुम्ही करून दिलीत. माणूस एकच, पेट्या चार.

तुमच्या धंद्यातल्या कल्पकतेचा एक नमुना तर आम्ही आजही आदराने सांगतो. ‘बॅड बीट जॅकपॉट’. हातात चार अठ्ठ्यांसारखी पाने असावीत आणि तरीही समोरच्याकडे त्याहून भारी निघावे, असे दुर्दैव ज्याच्या वाट्याला येईल त्याला मोठे बक्षीस. त्या बक्षिसाचा निधी कुठून यायचा? हा जॅकपॉट असलेल्या टेबलांवरच्या डावांतून नेहमीच्या नालेखेरीज आणखी अर्धा डॉलर. जगात नशीब विकणारे पुष्कळ झाले. दुर्दैवाचीही वर्गणी लावून ती डावागणिक वसूल केलीत तुम्ही.

गिऱ्हाइके आणायची कामगिरी टीव्हीने केली. २००३ साली वर्ल्ड पोकर टूर अमेरिकेतल्या घराघरांत दिसू लागली. तिचे समालोचन करणारे माइक सेक्स्टन हेच तुमचे प्रचारक होते. त्याच वर्षी टेनेसीमधल्या एका हिशेबनिसाने पोकरच्या विश्वस्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकले. त्याचे आडनाव मनीमेकर. खरेच तेच होते, कोणी जाहिरातीसाठी ठेवले नव्हते. तो आला होता तुमचे प्रतिस्पर्धी पोकरस्टार्स यांच्या साइटवरून, पण त्याला पाहून ज्या लाखो हिशेबनिसांच्या तोंडाला पाणी सुटले, त्यांतले बहुतेक तुमच्या दारात उभे राहिले. जुने खेळाडू अशा नवख्यांना ‘फिश’ म्हणत. गळ त्यांचा, मासे तुमच्या तळ्यातले, आणि तळ्यात उतरणाऱ्या प्रत्येकाकडून, मासा असो की कोळी, तिकीट घेणारे तुम्ही.

अमेरिकी वाहिन्या जुगाराची जाहिरात घ्यायला बिचकत होत्या. सरकारी वकिलांचा डोळा होता. मग तुम्ही ‘डॉट नेट’ नावाची भाबडी साइट काढलीत, खोट्या पैशांनी पोकर शिकवणारी. जाहिरात तिची. आमच्याकडे सोड्याच्या बाटलीची जाहिरात बघून कोणी सोडा प्यायला निघत नाही, तसे तुमचे शिष्यही पत्त्यातला शेवटचा शब्द बदलून बरोबर योग्य जागी पोचत. शिक्षणप्रसाराचे हे कार्य कोणत्याही पुरस्काराच्या यादीत दिसले नाही, याचे वाईट वाटते.

राहण्यासाठी तुम्ही जिब्राल्टर निवडलेत. सात चौरस किलोमीटरही न भरणारा खडक. खडकावर बाकी काही उगवत नसले तरी करसवलत उत्तम येई. तेव्हा जुगाराच्या उत्पन्नावर कर होता एक टक्का, तोही वर्षाला सव्वाचार लाख पौंडांपर्यंतच. आणि कष्टाचे काम? ते हैदराबादला. सॉफ्टवेअर लिहिणारे, रात्रपाळीत बसून ओहायोतल्या कोणा गृहस्थाच्या अडकलेल्या डावाची तक्रार ऐकणारे, संशयास्पद खात्यांवर नजर ठेवणारे बहुसंख्य कर्मचारी तिथले.

इथे जरा विषयांतर करतो. मुंबईचा मटका ज्यातून निघाला तो आकडा मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचा होता. तिथून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर इथले लोक पैसे लावत. अमेरिकेच्या आकड्यांवर आपण हरत होतो. चाळीसेक वर्षांनी तुम्ही हा व्यापार उलटा फिरवलात. हरायचे न्यूयॉर्कवाल्यांनी आणि आकडे सांभाळायचे हैदराबादेत. निर्यातवाढीचे एवढे चांगले उदाहरण कोणी पाठ्यपुस्तकात घेतले नाही. तेलंगणाने तर २०१७ मध्ये कायदा दुरुस्त करून आपल्या हद्दीत पैशांचे ऑनलाइन खेळ, अगदी रमीसुद्धा, बंद करून टाकले. तुमचे कार्यालय तिथेच राहिले. अवघ्या जगासाठी टेबले मांडणाऱ्या पोरांना संध्याकाळी घरी जाऊन त्यांवर बसायची बंदी. हलवाई आपली मिठाई खात नाही, तो त्याचा शहाणपणा असतो. इथे तो सरकारने सक्तीचा केला.

आता तुमच्या चरित्रातल्या सर्वांत उज्ज्वल पर्वाकडे वळतो. जून २००५. लंडनच्या शेअर बाजारात तुम्ही उतरलात. शेअर ११६ पेन्सला, कंपनीची किंमत साधारण ४.६ अब्ज पौंड. आदल्या वर्षी ६० कोटी डॉलरचा महसूल होता आणि त्यातला निम्म्याहून अधिक निव्वळ फायदा. साबण विकणाऱ्याला हे प्रमाण दाखवले तर तो दुकान बंद करून संन्यास घेईल. शेअर विक्रीतून जवळपास अब्जभर पौंड जमले. कारखाना काढायचा नव्हता, यंत्रे घ्यायची नव्हती. पैसे मूळ मालकांच्या खिशात गेले. इकडे भारतात, आयआयटीचा पोरगा फोर्ब्सच्या यादीत गेला म्हणून आपण पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

त्या विक्रीच्या माहितीपत्रकात एक भाग होता, जो आम्ही तुमच्या कुळातले सर्वोत्तम लेखन मानतो. त्यात स्वच्छ लिहिले होते, की अमेरिकेसह अनेक देशांतले अधिकारी आमचा धंदा बेकायदा मानतात. आणि पुढे असेही, की ज्या कंपनीचे आपल्या देशात ऑफिसच नाही तिच्यावर कारवाई करायला हे अधिकारी सहसा धजत नाहीत किंवा त्यांना ते जमत नाही, या गोष्टीवर आमची भिस्त आहे. दर शंभर डॉलरपैकी ऐंशीहून अधिक त्याच अमेरिकेतून येत होते, हेही लपवलेले नव्हते. चोराने घराच्या दारावर पाटी लावावी, की पोलीस येईपर्यंत येथे भाव चांगला मिळेल, आणि गावातल्या प्रतिष्ठितांनी रांग लावावी!

आणि जुगार तो हाच होता, महाराज. पत्त्यांचा नव्हे. अमेरिकेचा सरकारी वकील येतो की नाही, यावरचा. इतक्या वर्षांत तुमच्या घरात झालेला हा एकमेव खरा डाव, पण तिथेही तुम्ही आपले व्रत मोडले नाही. आपला हिस्सा आधी काढून घेतलात आणि उरलेली पाने जनतेच्या हातात दिलीत. त्याच सप्टेंबरात तुम्ही एफटीएसई १०० या मानाच्या निर्देशांकात जाऊन बसलात, आणि वाढीचा वेग मंदावतोय असे तुम्हीच सांगितल्याने शेअर एका दिवसात जवळजवळ एक तृतीयांश पडला, तोही त्याच महिन्यात. निर्देशांकाच्या मागे डोळे मिटून चालणाऱ्या फंडांना तुम्हाला विकत घेणे भागच होते. ज्या निवृत्त शिक्षिकेने जन्मात पत्त्याला हात लावला नाही, तिच्या पेन्शनचा पैसाही असा न विचारता टेबलावर आला. ऑक्टोबरपासून तुम्ही, सोवळे जरा बाजूला ठेवून, पोकरच्याच पडद्यावर ब्लॅकजॅकही आणलेत, म्हणजे डावाडावांमधल्या सेकंदांतही गिऱ्हाईक रिकामे बसू नये. पडलेला शेअर वर कसा आणतात, ते असे.

सरकारी वकील येण्याच्या खुणा दिसत होत्या. जुलै २००६ मध्ये तुमच्याच धंद्यातल्या बेटऑनस्पोर्ट्सचे प्रमुख डेव्हिड कॅरुथर्स डॅलस विमानतळावर नुसते विमान बदलायला उतरले आणि तिथेच धरले गेले. सप्टेंबरात स्पोर्टिंगबेटचे अध्यक्ष पीटर डिक्स न्यूयॉर्कच्या विमानतळावर. विमानतळ टाळावेत, एवढा बोध तुमच्या क्षेत्राने त्यातून घेतला. मग सप्टेंबर संपता संपता अमेरिकी संसदेने बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाच्या शेपटीला एक कायदा बांधून मंजूर केला. जहाजांच्या कंटेनरांमागे लपून तुमचा घात झाला. कायदा खेळणाऱ्याला हात लावत नव्हता. बेकायदा जुगाराचे पैसे पोचवणाऱ्या बँकांचा रस्ता अडवत होता. २ ऑक्टोबरला बाजार उघडला आणि तुमचा शेअर निम्म्याहून खाली आला. १३ तारखेला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केली आणि तुम्ही अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी दार लावलेत.

तुमच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्या कायद्याने घोड्यांच्या शर्यतींना, राज्यांच्या लॉटऱ्यांना आणि फँटसी स्पोर्ट्सना अलगद बाजूला ठेवले होते. म्हणजे पाप पत्त्यांत होते, घोड्यांत नव्हते. अमेरिकी नीतिमत्तेला चार पायांचे वावडे नाही. फँटसीच्या त्या फटीतून पुढे फॅनड्यूएल आणि ड्राफ्टकिंग्ज उगवले. मुंबईतून २००८ मध्ये निघालेल्या ड्रीम११ चा खेळही त्याच जातीचा. ‘हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ’ हा मंत्र म्हणत तो आपल्या उच्च न्यायालयांतूनही सुखरूप बाहेर आला. तो थेट ऑगस्ट २०२५ मध्ये आडवा झाला. आपल्या संसदेने कौशल्य की नशीब हा घोळच मिटवला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांसाठीचे बँकव्यवहार एकदमच बंद केले. बँकेची नाडी आवळायची युक्ती तीच, तुमच्यावर वापरलेली.

दुसरे असे, की तुम्ही निदान दार लावलेत. पोकरस्टार्स आणि फुल टिल्ट शेअर बाजारात नव्हते. त्यांना लाज बाळगायची गरज नव्हती. तुमची सोडलेली गिऱ्हाइके त्यांनी उचलली आणि १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेने त्यांच्या साइट्सवर टाळे ठोकेपर्यंत मजेत धंदा केला. फुल टिल्टच्या तिजोरीत तर खेळाडूंचे पैसे परत करण्याइतकी रक्कमच निघाली नाही. या तुलनेत तुम्ही सज्जन.

सज्जनांचा हिशेबही सज्जनपणे मिटला. डिसेंबर २००८ मध्ये दीक्षित स्वतःहून न्यूयॉर्कच्या न्यायालयात उभे राहिले, गुन्हा कबूल केला आणि ३० कोटी डॉलर भरायला राजी झाले. दोन वर्षांनी शिक्षा झाली ती एक वर्ष प्रोबेशनची. एप्रिल २००९ मध्ये कंपनी म्हणून तुम्ही, आपले आधीचे वागणे काही अमेरिकी कायद्यांविरुद्ध होते हे मान्य करून, साडेदहा कोटी डॉलर द्यायचे ठरवलेत आणि खटला टळला. तेही हप्त्याहप्त्याने, २०१२ पर्यंत. सरकारला हप्ता देण्याची ही पद्धत आमच्याकडेही ओळखीची आहे, पावती तेवढी मिळत नाही. आमच्याकडे एखाद्या शेतातल्या गोठ्यात तीन पत्ती खेळणारे सात जण १८८७ च्या जुगार-प्रतिबंधक कायद्याखाली पकडले जातात, तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपरात येते, ‘रोख रक्कम, पत्त्यांचा कॅट, मोबाइल व दोन मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त’. तुमचा मुद्देमाल जप्त करायला आले असते तर काय उचलले असते? जिब्राल्टरचा खडक?

पुढचे चरित्र सोयरिकींचे आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या बीविनशी लग्न. २०१६ मध्ये जीव्हीसीने सुमारे १.१ अब्ज पौंडांना तुम्हा दोघांना घरी नेले. दोन वर्षांनी त्याच घरात लॅडब्रोक्स कोरलची बेटिंगची दुकाने आली. डिसेंबर २०२० मध्ये घराण्याचे बारसे होऊन एन्टेन नाव पडले. दरम्यान मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची देशव्यापी बंदी मोडून काढली आणि लास वेगासच्या एमजीएमने तुमच्या घराण्याशी भागीदारी केली. जानेवारी २०२१ मध्ये तर त्यांनी आठ अब्ज पौंडांहून अधिक मोजून तुम्हाला विकतच घ्यायची तयारी दाखवली. तुम्ही भाव कमी म्हणून नाकारलात. ज्या देशाच्या विमानतळावर उतरायची चोरी होती, त्याच देशाची मागणी दारात आणि तुम्ही पत्रिका जुळत नाही म्हणता! काही म्हणा, पण ऊर भरून आला.

संस्कार मात्र जुनेच. ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रिटनच्या जुगार आयोगाने तुमच्याकडून १.७ कोटी पौंड वसूल केले. कारणांत एक असे, की एका गिऱ्हाइकाने चौदा महिन्यांत ७ लाख ४२ हजार पौंड जमा केले आणि हे येतात कुठून, याची धड चौकशी तुम्ही केली नाही. दुसरा एक जण दीड वर्ष रात्र रात्र जागून खेळत होता, दोन लाख तीस हजारांवर पौंड ओतून बसला, आणि त्याच्याशी या बाबतीत तुमचा संवाद झाला तो एकदा, चॅटवर. पाहुण्याला खाताना टोकू नये, हा शिष्टाचार तुम्ही पाळलात. आयोगाला तो कळला नाही. मग डिसेंबर २०२३. तुर्कस्तानातल्या जुन्या, विकून टाकलेल्या धंद्यात लाचखोरी रोखण्यात कसूर झाल्याच्या आरोपावर ५८.५ कोटी पौंडांचा समझोता. शिवाय दोन कोटी दानधर्माला आणि एक कोटी तपास व खटल्याच्या सरकारी खर्चाला. हे पैसे कोणी भरले? ज्यांच्या हातात तेव्हा शेअर होते त्यांनी. तोवर ते मूळ मालक केव्हाच उठून गेले होते. दीक्षित आणि पॅरासोल यांचे धर्मादाय न्यास शिक्षणासारख्या चांगल्या कामांना मदत करतात, आणि ही कामे खरोखरच होतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त ओहायोतल्या त्या गृहस्थाला देणगीची पावती मिळाली असती तर बरे झाले असते.

एक विनंती आहे. २००५ च्या माहितीपत्रकातले ते पान, ‘आमचा धंदा बेकायदा मानला जातो, पण धरायला कोणी येत नाही’ हे सांगणारे, ज्या वकिलाने लिहिले, त्याचे नाव तुमच्या इतिहासात कुठे येत नाही. एवढ्या मोठ्या कुटुंबात खरे बोलणारा तो एकटाच. त्याला त्या कामाचे मानधन रोख दिलेत की शेअरमध्ये, हे उलटटपाली कळवावे. शेअरमध्ये दिले असेल, तर त्याने ते कोणत्या तारखेला विकले, हेही.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा, ही विनंती.

आपला,
एक न खेळणारा (पण पेन्शनवाला)